लाँचच्या धक्क्यावर काय रंगवावं? जुन्या उताराची (नदी पायी ओलांडायच्या जागेची) खूण ठेवायची आहे

तराफ्याची_लेक (कांदाटी खोरं, सध्या सातारा)

नमस्कार मंडळी. विचारायचं थोडंच आहे, पण आधी जागा सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही, म्हणून लांबण लावते.

आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडं, कांदाटी खोऱ्यात. नकाशात ते बेट दिसत नाही. पण पुढं धरणाचा शिवसागर जलाशय, पाठीशी सह्याद्रीची धार आणि धारेखाली खोल कोकण. राहणाऱ्याला बेटच ते. बाजार पाण्यापलीकडं, दवाखाना पाण्यापलीकडं, कचेरी पाण्यापलीकडं. १९६४ साली धरण पुरं झालं आणि हेळवाकपासून वर पन्नास-एक किलोमीटर नदीचा जलाशय झाला. आजोबा सांगायचे, पूर्वी पलीकडं जायला एक विडी ओढून होईस्तोवर वेळ लागायचा. धरण झाल्यावर तेवढ्याच कामाला अख्खा दिवस जायला लागला.

माझे बाबा तराफ्यावर कामाला होते. ज्यांनी तराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी सपाट पट्टा, दोन्ही तोंडांना खाली सोडायच्या फळ्या, वर जीपगाड्या चढवायच्या. त्यांच्या मधल्या फटीत माणसं, शेळ्या, सिमेंटच्या गोण्या, गॅसच्या टाक्या. जीप रिव्हर्समध्ये चढवताना ड्रायव्हर मागं बघत नसे, बाबांच्या हाताकडं बघायचा. हिवाळ्यात पाण्यावर धुकं बसलं की पलीकडचा काठ दिसायचा नाही. तेव्हा बाबा इंजिन बारीक करून कान द्यायचे, काठावर कोण खोकतंय, कुणाची शेळी ओरडतेय त्यावरून धक्का ओळखायचे. माझा धाकटा भाऊ त्याच तराफ्यावर जन्मायचा थोडक्यात राहिला. आई तापोळ्याच्या बाजूला उतरली आणि अर्ध्या तासात तो झाला.

आता तापोळा-अहीर पूल होतोय. व्हायलाच पाहिजे, त्यात दुसरं मत नाही. रात्री-अपरात्री साप चावलेल्या माणसाला घेऊन लाँचची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिलीत. पण पूल झाला की धक्क्याकडं कोण फिरकणार? म्हणून मुंबईकर मंडळानं (खोऱ्यातली निम्मी माणसं तिकडंच, बरीच माथाडी) पंचावन्न हजार रुपये जमवलेत, धक्क्यावर काहीतरी चित्र काढून घ्यायला.

आणि चित्र कशाचं, यावर घोडं अडलंय. पोरांना मोठी रंगीत अक्षरं हवीत, 'मिनी काश्मीर', आणि शेजारी दोन पंख, मधे उभं राहून फोटो काढायला. त्यांच्यावर माझा राग नाही. पाहुणे येतात म्हणून चार घरांत चार पैसे येतात. पण ते पंख कुठल्याही तळ्याकाठी चालतील. आमच्या पाण्याखाली जे आहे ते आमचंच आहे, आणि ते सांगणारी माणसं आता मोजकी उरलीत.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं पात्र उघडं पडतं. मी नववीत असताना वैशाखात बाबा मला खाली घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही एका काळ्या कातळापाशी आलो. कातळाला पायऱ्यांसारख्या खोबणी, पण छिन्नीच्या नव्हेत. पायांनी झिजलेल्या. "हा थोरला उतार," बाबा म्हणाले. नदी इथं पसरायची, पाणी मांडीइतकं व्हायचं, म्हणून सगळं खोरं इथनं ओलांडायचं. शेजारी एक बसका दगड आहे. पाण्यात पाय घालण्याआधी त्याला हात लावायचा रिवाज होता. दर वैशाखात बाबा त्याला शेंदूर लावतात. आषाढात तो परत पाण्याखाली जातो.

मला धक्क्यावर हा उतार पाहिजे. उतार, नंतरची होडी, लाँच, तराफा. कसं लोक ओलांडत गेले ते.

आता विचारायचं ते असं. आमच्याकडं तीन जागा आहेत. शाळेची रस्त्याकडची भिंत, पश्चिमेला तोंड करून. धक्क्याची दगडी संरक्षक भिंत, मागं सगळी माती. आणि प्रवासी थांबतात ती निवारा शेड, तिची लांब भिंत पाण्याकडं, म्हणजे पूर्वेला. पावसाचं तुम्हाला सांगायला नको, महाबळेश्वरच्या पाठीला लागून आहोत. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं शाळेवर फुलंपाखरं काढून दिली होती, दुसऱ्या श्रावणात भिंतीवर शेवाळ सोडून काही उरलं नव्हतं. कुठली भिंत घ्यावी, काय वापरावं? आणि खाली उताराच्या कातळावरच काही कोरून ठेवलं तर? दरवर्षी पाण्याखाली जाईल आणि दरवर्षी वर येईल. मला ती कल्पना सोडवत नाहीये.

---

चुन्याची_घाणी (वाई)

ताई, पहिल्यांदा भिंतीचं बोलतो, मी त्याच कामात आहे.

संरक्षक भिंत विसरा. मागं माती म्हणजे पाणी आतून येणार. वरून कितीही भारी रंग लावा, आतलं पाणी त्याला फोड आणून ढकलून देणार. शिवाय त्या भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, ती रंगाच्या नादात कुणी बुजवली तर भिंतच फुगेल. शाळेची भिंत पश्चिमेला, म्हणजे चार महिने झड सरळ अंगावर. तुमच्याकडं घरांनासुद्धा त्या अंगानं पावसाळ्यात झडी (गवता-पेंढ्याचे आडोसे) बांधतात, मग चित्रानं काय करावं?

शेडची भिंत घ्या. पूर्वेला तोंड, पाठीला वारा, वर छप्पर. छपराचं पुढचं टोक दीड-दोन फूट वाढवता आलं तर चित्रावर खर्च करण्याआधी पहिला पैसा तिथं घाला.

आता वापरायचं काय. सिमेंटच्या भिंतीवर पुट्टी ओढून वर ऑइलपेंट, हे तुमच्याकडच्या पावसात टिकत नाही. भिंतीला श्वास घेता येत नाही आणि पापुद्रे सुटतात. रंगच लावायचा तर गिलावा महिनाभर पाणी मारून मुरू द्या, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, मग ॲक्रिलिक. काम डिसेंबर ते मार्चच्या आत. पाच-सहा वर्षं निघतील.

पण मी तुमच्या जागी असतो तर रंग लावलाच नसता, खरवडलं असतं. तुमच्या धारेखाली कोकणात जुन्या देवळांवर कावेचं काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, तिचा थर द्यायचा आणि ओलं असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा वर आणायचा. रंग उडायचा प्रश्न कमी, कारण चित्र गिलाव्यातच असतं. दोनच रंग, तांबडा आणि पांढरा. नदी, कातळ, माणसं, होडी, सगळं दोन रंगांत उत्तम बसतं. चुना आधी काही आठवडे पाण्यात मुरवावा लागतो. जुने कारागीर गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. हिरडा तर तुमच्या जंगलातनंच गोळा होऊन बाजारात येतो, तो विकत कशाला घ्यायचा!

एकदा मेणवलीला या, नाना फडणवीसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं दाखवतो. अठराव्या शतकातली आहेत आणि आत छपराखाली असल्यामुळं राहिली आहेत. खाली घाटावर वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, आलेली पोर्तुगीज घंटा आहे. लोक घंटेबरोबर फोटो काढतात आणि जातात. मला मात्र दर वेळी त्या पायऱ्याच बघाव्याशा वाटतात. पाणी चढलं काय, उतरलं काय, कुठल्या ना कुठल्या पायरीवर माणसाला पाण्यापाशी बसता येतं. नदीकाठी बांधायचं तर असं बांधावं.

---

आयर्विनकाठ (सांगली)

तराफ्याची लेक, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. तुमचं पाणी शेवटी आमच्याकडंच येतं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि मग आम्ही आहोतच. पावसाळ्यात इथल्या घराघरात सकाळी पहिल्यांदा काय वाचतात? कोयना, नवजा, महाबळेश्वर, तीन ठिकाणचा पाऊस. आणि धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं. १०५ च्या जवळ गेलं की माळ्यावरच्या सामानाची चर्चा सुरू.

सांगलीत सगळ्यात जास्त माणसांनी, सगळ्यात जास्त वेळा डोळे लावून बघितलेलं सार्वजनिक चित्र कुठलं, सांगू? आयर्विन पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे. पूल १९२९ चा. खांबावर रंगवलेली साधी पट्टी. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही मोबाइलवर एकमेकांना तेच आकडे पाठवत होतो. माझी आई, जिला वाचता येत नाही, तिला तो खांब वाचता येतो.

म्हणून माझी सूचना: तुमच्या शेडच्या भिंतीवर उभी पट्टी काढा. वर धरण भरल्याची रेघ. खाली खाली येत उन्हाळ्याची रेघ. आणि सगळ्यात तळाला, जमिनीपाशी, थोरला उतार. भिंत तेवढी उंच नसणार हे उघड आहे, प्रमाण धरून काढा. पाहुणा उभा राहील आणि त्याला कळेल की आपल्या पायाखाली किती खोल माणसं चालत होती.

ओलांडण्याचं म्हणाल तर आमच्याकडंही ती विद्या संपत आली. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर नाव चालायची. आता कोथळीला जायला पूल आहे. नाव चालवणारे आंबी, त्यांना वर्षाला सुगीवर धान्य ठरलेलं असायचं, दर खेपेला पैसे नाहीत. माझे आजोबा पुरात गुळाच्या काहिलीत बसून मळ्यातनं गावात आले होते. वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड त्यांना वळता यायची, माझ्या वडिलांना नाही.

अजून एक. वाळव्याकडं बह्याला कृष्णेच्या पात्रात रामलिंगाचं बेट आहे, तिथला मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी. गोष्ट अशी सांगतात की राम तिथं पूजेला बसला असताना नदीला पूर आला, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दोन अंगांना वळवलं, म्हणून मधे बेट राहिलं. मूर्तीचे हातही पाणी अडवल्यासारखेच आहेत. आमच्याकडं पाणी ओलांडायच्या, थोपवायच्या जागेवर काहीतरी उभं करायची चाल जुनीच आहे. तुमच्या बाबांचा शेंदराचा दगड त्याच घरातला.

---

पाटबंधारे_निवृत्त (कऱ्हाड)

ताई, कातळावर कोरण्याबद्दल स्पष्ट लिहितो, रागावू नका.

धरणाची पूर्ण भरल्याची पातळी २१६३ फुटांच्या घरात आहे. त्याच्या खालची बुडीत जमीन सरकारी, तिथं काहीही करायचं तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी पाहिजे. खोऱ्याचा काही भाग अभयारण्याला लागून आहे, तिथं वनखात्याचंही विचारावं लागेल. शेडसाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणि शेड ज्यांच्या नावावर असेल त्यांचं पत्र, एवढ्यात भागेल. ठराव आधी करा, चुना नंतर आणा.

हे झालं कागदाचं. मनातलं सांगायचं तर परवानगी मिळत असती तरी मी कोरू नका म्हटलं असतं. त्या कातळावर लिहिलेलं आधीच आहे. शेकडो वर्षांच्या पायांनी केलेल्या खोबणीशेजारी आपण आज छिन्नी लावली, की पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळणार नाही. त्याऐवजी या वैशाखात मोजमाप घ्या. फोटो घ्या, फोटोत मोजपट्टी ठेवा. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. कातळाच्या झिजलेल्या भागावर पातळ कागद ठेवून कोळशानं घासून ठसा घ्या, अगदी सोपं आहे, शाळेतली पोरं करतील. तो ठसा, त्याच मापात, भिंतीवर उतरवा. गाळ दरवर्षी थोडा थोडा साचतोय. एखाद्या वर्षी तो कातळ वर येणार नाही, तेव्हा तुमच्याकडं एवढं तरी असेल.

---

तराफ्याची_लेक

काका, रागावले नाही. दोनदा वाचलं. पटलं.

---

बुडीत_गावची (रायगड)

हे माझी आई सांगतेय, मी टाइप करतोय. ती कोयनेच्या बुडीत गावातली. पुनर्वसनात आम्ही इकडं आलो, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. आता सत्तरी उलटली. मी प्रश्न वाचून दाखवला तर म्हणाली, लिही.

"लेकी, तुज्या बाला माजा नमस्कार सांग. उतार म्हंजी पाणी कमी आसंल तवाचा. चार म्हयने उतार न्हाईच. तवा डोण. एकाच झाडाचं खोड कोरल्याली. तीन मानसं आन् तरणारा, म्हंजी डोण हाकनारा, येवडीच बसायची. म्हस डोनीत न्हाई बसत. म्हशीच्या गळ्यात दावं आन् मानूस तिच्या शेपटाला धरून. माज्या चुलत्याला पोहायला यायचं न्हाई, पर म्हशीमागनं दरसाल जायचा.

आन् हाळी. ह्ये तू काढ. ह्या काठावनं हाळी द्यायची. 'तरणाऱ्या होऽऽऽ.' गळ्यावनं वळखायचा तो, कुन्या भावकीचं मानूस हाय. लगनाची हाळी निराळी, मयताची निराळी. मयताला दोनदा हाळी द्यायची आन् गप बसायचं. मग तो जेवत आसला तरी उठून यायचा.

आमी सोडून आलो त्या दिशी कुनी हाळी दिली न्हाई. ट्रकमदी बसलो. मी रडले न्हाई, मला ट्रकचं लई नवल. आई रडत हुती. तिचं रडनं भिंतीवर काढू नगा, लोकं त्याच्याफुडं फोटू काढतील. गावांची नावं ल्हिवा. सगळ्या बुडाल्याल्या गावांची. आन् ती रस्त्याकडं नगं, पान्याकडं तोंड करून ल्हिवा. गावं तिकडं हायत."

मधेच थांबली. मला म्हणाली, एवढंच पाठव.

---

तराफ्याची_लेक

काकूंना माझा दंडवत सांगा. मी हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं. मयताची हाळी दोनदा, हे त्यांना माहीत होतं, त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तराफ्याच्या काळातही तसंच होतं म्हणाले. मयत न्यायचं असलं की घरची माणसं काठावर येऊन हॉर्नची वाट न बघता नुसती उभी राहायची, आणि बाबा गाड्या न भरता तराफा सोडायचे.

काल मुंबईकर मंडळाशी तास-दीड तास बोलणं झालं. काकूंचं सगळं तसंच्या तसं वाचून दाखवलं. पंखांची मागणी करणारा जो पोरगा होता, त्याचीच आजी बुडीत गावातून वर सरकलेली. तो म्हणाला, गावांची यादी मी करतो, तालुक्याच्या जुन्या कागदांत बसून करतो. 'मिनी काश्मीर'ची अक्षरं त्यांना वरच्या पार्किंगपाशी काढायची आहेत, काढू देत. रंग त्यांच्या पैशाचा वेगळा.

तर ठरलं ते असं. शेडची भिंत. आधी छपराचं टोक वाढवायचं. चुन्याचा गिलावा, काव, दोन रंग. डावीकडं सांगलीच्या दादांनी सांगितलेली उभी पट्टी, तळाला थोरल्या उताराचा ठसा खऱ्या मापात, लहान मुलांना हात लावता येईल एवढ्या उंचीवर. ओलांडायच्या आधी हात लावायचाच असायचा. मधे म्हैस आणि शेपटीला धरलेला माणूस, डोण, लाँच, तराफा. तराफ्यावर जीपला हात करणारा माणूस मी स्वतः काढणार आहे, तो दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आणि उजवीकडं गावांची नावं. भिंत पाण्याकडंच आहे, त्यामुळं काकूंचं म्हणणं आपोआप राहतंय. ग्रामपंचायतीचा ठराव येत्या सभेत. ठसे वैशाखात घेणार, शाळेची सातवीची पोरं बाबांबरोबर खाली उतरतील. गिलावा पुढच्या हिवाळ्यात.

वाईच्या दादांना एक शेवटचं विचारते. लाँचमधून येणाऱ्या माणसाला नावं वाचता आली पाहिजेत, धक्क्याला लागण्याआधी. अक्षर केवढं काढू?

---

चुन्याची_घाणी

दोनशे फुटांवरून वाचायचं तर अक्षर वीतभर उंच धरा. शिरोरेषा जाड ठेवा, मात्रा-वेलांट्या आखडू नका, दोन नावांत अर्धी वीत मोकळी सोडा. खरवडण्याआधी चार-पाच नावं कागदावर त्याच मापात काढून भिंतीला चिकटवा आणि बाबांना लाँचमधून येताना वाचायला सांगा. एकदा उन्हात, एकदा धुक्यात. त्यांना जिथून वाचता येईल तिथं ते हात वर करतील, ते अंतर मला कळवा. मेणवलीला कधी येताय? चुना मुरवायचा कसा ते इथंच दाखवतो, येताना पायलीभर हिरडा आणा.